आधी आशिया, मग युरोप: कोण कुठे जाऊन आलं?

मे महिना जवळ आला की आमच्या सोसायटीत एकच यादी फिरते: पॅरिस, स्वित्झर्लंड, जमलं तर लंडन. मुंबईहून मस्कत किंवा कोलंबो तीन तासांच्या आत, काठमांडूला तर मतदार ओळखपत्रावर जाता येतं. तरी 'फॉरेन' म्हटलं की आपलं विमान युरोपकडेच वळतं. युरोपशी माझं वाकडं नाही. पण ज्यांनी ठरवून किंवा नाइलाजाने आधी आपलाच खंड पाहिला, त्यांना तिथे काय गवसलं आणि काय जड गेलं, ते वाचायचंय. स्वस्त पडतं हे सगळ्यांना माहीत आहे, त्यापुढचं लिहा. टूरवाल्यांच्या जाहिराती नकोत.

रत्नागिरीहून

थिबा पॅलेसच्या आसपासच लहानाची मोठी झाले. शाळेची सहल तिथे, पाहुणे आले की तिथे. ब्रह्मदेशच्या, म्हणजे आताच्या म्यानमारच्या, थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून काढलं, पुढे आमच्या गावात आणून ठेवलं, १९१० मध्ये हा वाडा बांधून दिला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला, एवढं पाठ. पण तो जिथून आला ते गाव बघावं, असं घरात कुणाला कधी वाटलं नव्हतं.

२०२१ च्या लष्करी सत्तांतराआधी आम्ही मंडालेला, त्याच्या राजधानीला, जाऊन आलो. खंदकाच्या आत दिसतो तो राजवाडा १९९० च्या दशकात नव्याने उभारलेला. मूळचा १९४५ च्या लढाईत जळाला. खरं उरलंय ते श्वेनंदॉ, सागवानी मठ. तो आधी राजवाड्याचाच भाग होता. बाप त्यात वारला म्हणून थिबाने तो उकलून बाहेर हलवला, आणि म्हणूनच वाचला. इंचभर जागा कोरल्याशिवाय सोडलेली नाही. ते बघितल्यावर आमच्या गावातला तो वाडा मला पहिल्यांदाच गरीब वाटला.

आणि गंमत बघा, १९०८ ते १९१४ या काळात टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. म्हणजे तिकडचा राजा आमच्या गावात अडकलेला आणि आमच्या गावात जन्मलेला माणूस त्याच्या राजधानीत. गाइडला हे सांगितलं तर त्याला थिबाचं सगळं माहीत, टिळकांचं काहीच नाही. आम्ही तासभर भिंतीला टेकून एकमेकांना आपापला अर्धा इतिहास सांगत बसलो.

आता मात्र कुणाला जा म्हणवत नाही. यादवी चालू आहे, त्यात मार्च २०२५ चा भूकंप.

सोलापूरहून

मी मुक्तिनाथला गेले, भजनी मंडळाबरोबर. उंची ३,७०० मीटरच्या वर, चालताना दम लागतो, आणि त्यात १०८ धारांखालून पळायचं, पाणी बर्फाचं! नेपाळात दुकानाच्या पाट्या देवनागरीत, त्यामुळे आमच्यातल्या कधी गाव न सोडलेल्या बायकाही हॉटेल, औषधाचं दुकान सगळं वाचत चालल्या होत्या. तिथे मला कुणी अडाणी समजलं नाही. देव्हाऱ्यातला शाळिग्राम जिचा, ती काळी गंडकी खाली वाहताना दिसते. तो शाळिग्राम म्हणजे हिमालय व्हायच्या आधीच्या समुद्रातल्या जीवाचा जीवाश्म, हे नातवाने सांगितलं. सांगू दे. पूजा चालूच आहे.

पुण्याहून

थोडं उलट लिहितो, रागावू नका. मी युरोप आधी केला आणि मला पश्चात्ताप नाही. शेंगेनची फी ९० युरो आहे, पण त्या एका व्हिसावर २९ देश. आशियात दर सीमेवर नवा नियम, नवा फॉर्म. 'आपला खंड' म्हणताना हे विसरू नये की या खंडातले देश एकमेकांना फारसे आपले मानत नाहीत.

नाशिकहून

पुणेकर दादा, व्हिसाचं मान्य. पण माझा मुद्दा गुडघ्यांचा आहे. युरोपची बसटूर सत्तरीतही होते. कंबोडियातल्या अंगकोर वाट मंदिराच्या मधल्या शिखराचा जिना जवळजवळ उभा आहे. भूतानमधला तक्त्संग मठ ३,१२० मीटरवर, शेवटचा टप्पा पायीच. हे चाळिशीत उरकावं. अंगकोरचा पास एका दिवसाचा ३७ डॉलर आणि तीन दिवसांचा ६२, तेव्हा तीन दिवसांचाच घ्या. समुद्रमंथनाचं शिल्प सुमारे ४९ मीटर लांब आहे. तिथे गोष्ट आपल्याला माहीत असते, गाइडची गरज लागत नाही. मुलगी प्रत्येक राक्षसाचा चेहरा बघत बसली, आम्हाला सूर्यास्ताला जायला उशीर झाला.

छत्रपती संभाजीनगरहून

श्रीलंकेत सिगिरिया, कड्यावरचा जुना किल्ला. तिथल्या भित्तिचित्रांतल्या बायका बघून आई म्हणाली, "या तर अजिंठ्याच्याच." पायऱ्या बाराशेच्या आसपास, सकाळी लवकर चढा.

डोंबिवलीहून

उझबेकिस्तान. ताश्कंद ते समरकंद वेगवान रेल्वे दोन तासांत आणि थोडं वर. ताश्कंदमध्ये शास्त्रीजींचा पुतळा आहे, त्यांच्या नावाचा रस्ताही आहे. पाकिस्तानशी करार तिथेच झाला १० जानेवारी १९६६ ला आणि त्याच रात्री उशिरा ते गेले. आमचा टॅक्सीवाला तरुण, त्याने नाव बरोबर उच्चारलं. समरकंदच्या रेगिस्तान चौकातल्या तीन मदरशांविषयी सगळेच लिहितात, मी लिहीत नाही.

शाकाहाऱ्यांचे हाल होतात. प्लोव म्हणजे पुलाव, पण मटणाशिवाय मागितला तर त्यातून नुसते तुकडे उचलून देतात. भोपळ्याचा सोम्सा, म्हणजे त्यांचा समोसा, विचारून घ्या. रोटी, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर आणि बिनदुधाचा चहा, एवढ्यावर आमच्या बायकोने हसत दिवस काढले आणि मी चिवड्यावर.

कोल्हापूरहून

सगळ्यांचे आभार. पासष्टीच्या आईला घेऊन भूतानला जायचंय, तक्त्संगचं तिला जमेल का? आणि भारतीयांना रोजचं शुल्क लागतं असं ऐकलं.

नाशिकहून

लागतं, माणशी रात्रीला १,२०० रुपये. घोडा अर्ध्यापर्यंत मिळतो, तिथे चहाचं दुकान आहे आणि मठ समोरच दिसतो. आईंना तिथे बसवा, पुढचं तुम्ही चढा. उतरताना घोडा देत नाहीत, तेवढं आधी सांगून ठेवा.