मदत हवी आहे: बीएससी नर्सिंगला नंबर लागला नाही, बॅकअप म्हणून बीएससी मायक्रो घेऊ का? शुक्रवारपर्यंत सांगा

बार्शीची_पोरगी
नमस्कार, प्लीज लवकर रिप्लाय द्या. माझा बीएससी नर्सिंगला नंबर लागला नाही, दोन्ही राउंडच्या लिस्टमध्ये नाव नाही. इथल्या कॉलेजात बीएससी मायक्रोबायोलॉजीला सीट मिळतीये, पण फी भरायची शेवटची तारीख शुक्रवार आहे. घरचे म्हणतात घेऊन टाक, वर्ष वाया नको घालवूस. मला नर्सिंगच करायचं आहे. मायक्रो घेतलं तर पुढच्या वर्षी परत नर्सिंगला जाता येतं का? की डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करू? की जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा)? सगळेजण वेगवेगळं सांगतात, डोकं बंद पडलंय.

लातूरचा_मास्तर
नंबर लागला नाही म्हणजे काय? सीईटी दिली होती का? मार्क किती, कॅटेगरी कोणती, कॉलेजं कुठली टाकली होती? एवढं सांगितल्याशिवाय काय सांगणार.

मायक्रो_ते_क्यूसी
बिनधास्त घे मायक्रो. मी छत्रपती संभाजीनगरला मायक्रो केलं, आता वाळूजला फार्मा कंपनीत क्यूसीला, म्हणजे औषधांची क्वालिटी तपासायच्या लॅबला आहे. नर्सिंगच्या नाइट ड्यूट्या, पेशंटच्या नातेवाइकांची बोलणी, त्यापेक्षा लॅब शांत असते. पुढे एमएससी कर, बीएड केलंस तर शाळेतपण जाता येतं.

रत्ना_सिस्टर
@मायक्रो_ते_क्यूसी, तिने लॅब चांगली की वॉर्ड चांगला असं विचारलेलंच नाही. तिला नर्सिंग करायचंय.

मायक्रो_ते_क्यूसी
मग बॅकअप कशाला विचारतीये? बॅकअप म्हणजे त्यात करिअर झालं तरी चालेल असं काहीतरी पाहिजे ना. तोच तर मुद्दा सांगतोय.

गोखलेनगर_काका
माझा अनुभव सांगतो. माझ्या भाचीने दोन वर्षं नीट रिपीट केली आणि शेवटी बीएएमएसला लागली. तूही नीट दे. डॉक्टर म्हटलं की वेगळा मान असतो.

रत्ना_सिस्टर
काका, माफ करा, पण मानाचं बोलूच नका. मी सरकारी दवाखान्यात अधिपरिचारिका आहे. मुलगी स्वतःहून नर्सिंग पाहिजे म्हणतीये तर तिला दुसरीकडे कशाला ढकलायचं? उलट आम्हाला वॉर्डात अशाच मुली पाहिजेत. "काहीच मिळालं नाही म्हणून नर्सिंग" म्हणत आलेल्या मुली पहिल्या पोस्टिंगला स्पंज बाथ द्यायची वेळ आली की रडायला लागतात.

बार्शीची_पोरगी
सीईटी दिली होती. मेरिट नंबर साडेनऊ हजाराच्या आसपास आहे. बारावीला पीसीबी ५८ टक्के. कॅटेगरी ओबीसी. कॉलेजं जेजे, ससून आणि नागपूर टाकली होती.
@रत्ना_सिस्टर ताई, थँक यू. माझी आजी आमच्या इथल्या कॅन्सर हॉस्पिटलला होती. केमोमुळे तिच्या हाताची शीर सापडायचीच नाही. एक सिस्टर होत्या, त्या आधी गरम पाण्यात बुडवून पिळलेला टॉवेल हातावर ठेवायच्या, आजीशी शेतातलं काहीतरी बोलत बसायच्या आणि मग एकदाच सुई लावायच्या. तेव्हापासून मला हेच करायचंय.

लातूरचा_मास्तर
फक्त तीन?? आणि तिन्ही सरकारी, तेही मुंबई, पुणे, नागपूर? अगं तिथे सगळ्या राज्याची पोरं पहिला प्रेफरन्स टाकतात. तुझा नंबर "नर्सिंगला" लागला नाही असं नाहीये, या तीन कॉलेजांना लागला नाही. यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. खाजगी का नाही टाकली?

बार्शीची_पोरगी
खाजगीची फी लाखात असते ना. पप्पा म्हणाले झेपणार नाही. आमची कोरडवाहू तीन एकर आहे.

सोलापुरी_दादा
थांब थांब. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय तुला कुणी सांगितला नाही का? घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींची व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के सरकार भरतं, खाजगी विनाअनुदानित कॉलेजलासुद्धा. पण अट अशी की अ‍ॅडमिशन कॅपमधूनच, म्हणजे सरकारी प्रवेशाच्या राउंडमधूनच पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर घेतलं की हा लाभ गेला. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर करायचा. हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म, बसचा खर्च यात येत नाही, तो धरून चाल. आणि कॉलेजला जाऊन लेखी विचार की या कोर्सला तुमच्याकडे मागच्या वर्षी मुलींना ही फीमाफी लागू झाली होती का.

अमृता_नाशिक
हे बरोबर आहे पण कागद लागतात. ओबीसी आहेस म्हणजे जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर आणि जात वैधता. व्हॅलिडिटी आहे का?? हे कुणीच विचारलं नाही अजून.

बार्शीची_पोरगी
व्हॅलिडिटीचा अर्ज केलाय, पावती आहे. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा आहे. नॉन क्रिमीलेअर दहावीनंतर काढलेलं आहे.

अमृता_नाशिक
नॉन क्रिमीलेअरवर "या तारखेपर्यंत वैध" असं लिहिलेलं असतं, ३१ मार्च असेल. जुनं असेल तर उद्याच सेतूत नवीन टाक. व्हॅलिडिटीच्या पावतीवर कधी मुदत मिळते कधी नाही, नोटिशीत बघ, त्या भरवशावर राहू नकोस. मुदतीत दिली नाही तर ओपनमध्ये टाकतात, नाहीतर सीटच जाते. आमच्या बिल्डिंगमधल्या मुलीची लागलेली सीट अशीच गेली. घरात वडिलांकडच्या नात्यात कुणाची व्हॅलिडिटी झालीये का? सख्खे, चुलत, आत्या, काका?

बार्शीची_पोरगी
चुलत भावाची झालीये, त्याने इंजिनिअरिंग केलं.

अमृता_नाशिक
मग अर्धं काम झालं!! त्याच्या व्हॅलिडिटीची प्रत, वंशावळीचं शपथपत्र आणि तू व तो एकाच आजोबांचे हे दाखवणारे शाळेचे दाखले घेऊन सोलापूरच्या पडताळणी समितीच्या ऑफिसला पप्पांना स्वतः पाठव. ऑनलाइन अर्जाचा नंबर आणि नर्सिंगच्या अ‍ॅडमिशनची नोटीस प्रिंट काढून बरोबर दे, म्हणजे तारीख त्यांना दिसेल. फोनवर काही होत नाही.

ऋषी_परभणी
मुलांना नर्सिंगला घेतात का? मी पण बारावी सायन्स आहे, विषय निघालाय म्हणून विचारतो.

रत्ना_सिस्टर
@ऋषी_परभणी हो, बीएससीला घेतात, ब्रदर म्हणून आमच्याकडे आहेत की. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत ८० टक्के महिला, २० टक्के पुरुष असं असतं. बाकीचं दुसऱ्या धाग्यात विचार बाळा, हिचा शुक्रवार जवळ आलाय.

जर्मनीतला_मराठी
कुणीच जर्मनीचं बोलत नाहीये म्हणून लिहितो. इथे नर्सिंगचं तीन वर्षांचं आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत शिकायचं प्रशिक्षण आहे, बारावीवर मिळतं, शिकताना पगार मिळतो. जर्मन भाषा बी१ किंवा बी२ लेव्हलची लागते. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करारही केला आहे. पुण्याला मॅक्स म्युलर भवनात जर्मन सुरू कर. मायक्रो वगैरेत वेळ घालवू नकोस.

लातूरचा_मास्तर
तीन एकर कोरडवाहूवाल्या बापाला पुण्यात राहून जर्मन शिकवायला सांगताय? आधी जवळचं तरी बघू द्या.

जर्मनीतला_मराठी
सर, आता ऑनलाइन पण शिकता येतं. इथे आमच्या वॉर्डात केरळच्या मुली आहेत, त्यासुद्धा गरीब घरच्याच. मराठी मुलींना कुणी सांगतच नाही म्हणून कळकळीने लिहितो. नर्सिंग झाल्यावर ये, पण डोक्यात असू दे.

बार्शीची_पोरगी
अजून एक विचारायचं राहिलं. इथे एक सर आहेत, ते कर्नाटकात नर्सिंगची सीट करून देतो म्हणाले. बुकिंगचे ५० हजार आधी द्यायचे, बाकी नंतर. हजेरीचं टेन्शन नाही, परीक्षेलाच जायचं म्हणाले. पप्पा अर्धे तयार झालेत.

रत्ना_सिस्टर
नको नको नको. पप्पांना आत्ताच्या आत्ता सांग एक रुपया देऊ नका. कर्नाटकात चांगली कॉलेजं भरपूर आहेत, आमच्याबरोबर तिकडून शिकून आलेल्या उत्तम सिस्टर्स आहेत. पण "हजेरी नको" हे वाक्य ज्याने उच्चारलं त्याच्याकडे पुन्हा जायचं नाही. नर्सिंग म्हणजे निम्मं शिक्षण वॉर्डात होतं. बेड मेकिंगपासून सुरू होतं, चादर ताणून कोपरा असा दुमडायचा की पेशंट हलला तरी सुरकुती पडता कामा नये, कारण त्या सुरकुतीवर पडून पडून बेडसोअर होतो. मग टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट, इंजेक्शन, लेबर रूम, कॅज्युल्टी. हे न करता पास झालेल्या मुलीच्या हातात आयसीयूतला पेशंट द्यायचा? आणि इंटरव्ह्यूला पहिल्या पाच मिनिटांत कळतं.
कुठलंही कॉलेज घेताना राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलची यादी स्वतः उघडून बघ. आपल्याकडे बीएससीची डिग्री नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते, आणि नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत होते. दुसऱ्या राज्यातून केलं तर तिथली नोंदणी करून मग इथे आणावी लागते.

डीएमएलटी_विजय
माझं मत डीएमएलटी. लवकर संपतं, गावात लॅब टाकता येते. बार्शीत एवढे दवाखाने आहेत, काम कमी पडणार नाही.

अमृता_नाशिक
डीएमएलटी वाईट नाही, पण कुणाकडून करणार ते महत्त्वाचं. गल्लोगल्ली "कौन्सिल" नाव लावलेल्या संस्था सर्टिफिकेट वाटतात. महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी होते का एवढाच प्रश्न विचारायचा, उत्तर फिरवलं की उठून यायचं. आणि डीएमएलटीवरून नर्सिंगला काहीच शॉर्टकट मिळत नाही.

रत्ना_सिस्टर
आता जीएनएमचं सांगते, कारण मी स्वतः जीएनएम आहे आणि लोक त्याला उगाच कमी लेखतात. तीन वर्षांचा कोर्स. आर्ट्सवाल्यांनाही चालतो. जिल्हा रुग्णालयांना जोडून सरकारी नर्सिंग स्कूल असतात, तिथली फी अगदी कमी. सोलापूर, धाराशिव, लातूर तिन्हीकडे चौकशी कर, फॉर्म आणि तारखा बीएससीपेक्षा वेगळ्या असतात. नंतर नोंदणी झाली की दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएससी करता येतं, म्हणजे डिग्री होतेच. एम्सच्या भरतीलाही जीएनएम चालतं, फक्त ५० खाटांच्या हॉस्पिटलचा दोन वर्षांचा अनुभव लागतो, बीएससीला तो लागत नाही.
एवढं मात्र लक्षात ठेव, तुझ्यासाठी खरा बॅकअप हा आहे. मायक्रो एक वर्ष करून नर्सिंगला आलीस तर त्या वर्षाचं नर्सिंगमध्ये काही धरत नाहीत, पहिल्यापासूनच सुरुवात. पुढच्या सीईटीला मात्र बसता येतं, त्याला बंदी नाही.

मायक्रो_ते_क्यूसी
आणि जीएनएमलाही नाही लागला नंबर तर? तेव्हा शुक्रवार निघून गेलेला असेल. घरी बसून मुलीचं वर्ष गेलं की गावात काय होतं माहितीये ना, स्थळं यायला लागतात. म्हणून म्हणतो कुठेतरी नाव असू दे. मी नर्सिंगच्या विरोधात नाही.

रत्ना_सिस्टर
हे तुमचं पटलं. नाव असू दे.

सुजाता_फौजी
नीट द्यायचीच असेल तर आर्मीच्या नर्सिंगसाठी दे. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचं बीएससी नीटच्या स्कोअरवर होतं, फक्त मुलींसाठी, पुण्याचं एएफएमसी (लष्करी मेडिकल कॉलेज) आणि मुंबईचं आयएनएचएस अश्विनी (नौदलाचं हॉस्पिटल) धरून सहा कॉलेजं, एकूण २२० जागा. शिक्षण, राहणं-जेवण फुकट, पुढे ऑफिसर म्हणून कमिशन. बाँड असतो, म्हणजे ठरावीक वर्षं नोकरी करायची लेखी हमी. अविवाहित पाहिजे. काकांची नीट आणि तुझं नर्सिंग, दोन्ही यात येतं.

बार्शीची_पोरगी
हे तर माहितीच नव्हतं. नीट दिली नव्हती यावर्षी, पुढच्या वर्षी सीईटीबरोबर देईन.
एक कन्फर्म करा, तिसऱ्या राउंडला मी नवीन कॉलेजं टाकू शकते का? नोटीस आलीये पण इंग्लिशमध्ये आहे आणि कॅफेवाला म्हणतो आता काही होत नाही.

लातूरचा_मास्तर
कॅफेवाल्याला सोड. नोटिशीचा फोटो इथे टाक, नाव आणि अर्ज क्रमांक झाकून.

लातूरचा_मास्तर
बघितला. नवीन प्रेफरन्स भरायला दिलाय, मुदत गुरुवार संध्याकाळी ५. लॉगिन तुझं तू कर, पासवर्ड कॅफेत ठेवू नकोस. सोलापूर, लातूर, धाराशिव, सांगली, अहिल्यानगर, नांदेड, जिथे हॉस्टेल आहे आणि कॉलेजचं स्वतःचं किंवा जोडलेलं मोठं हॉस्पिटल आहे अशी सगळी टाक, दहाबारा तरी. जे खरंच आवडतं ते वर, "लागेल का" याचा विचार करून वरखाली करायचं नाही, वरचं नाही लागलं तर मशीन आपोआप खालचं बघतं. शेवटी लॉक करून प्रिंट काढ. आणि सीट लागल्यावर सोडली तर काय होतं तो परिच्छेद दोनदा वाच, प्रत्येक राउंडचा नियम वेगळा असतो.

गोखलेनगर_काका
बेटा, मी नीटचं उगाच लावून धरलं. सोलापूरला व्हॅलिडिटीच्या कामासाठी पप्पा येणार असतील तर माझा मावसभाऊ तिथेच राहतो, मुक्कामाची सोय होईल. मेसेज कर.

बार्शीची_पोरगी
थँक यू काका, थँक यू सगळ्यांना. पप्पांना सगळा धागा वाचून दाखवला. ते उद्या पहिल्या एसटीने सोलापूरला चाललेत, चुलत भावाचे कागद घेतलेत. त्या सरांना नाही म्हणून सांगितलं. मी प्रेफरन्स भरतीये, लिस्ट इथे टाकते, रत्ना ताई बघाल का? जीएनएमची चौकशी मावशी धाराशिवला करणार आहे. आणि मायक्रोची फी शुक्रवारी भरणार, नाव असू दे म्हणून. पण तिथे दहावी-बारावीच्या ओरिजिनल मार्कशीट मागतात. दिल्या आणि नर्सिंगला लागला तर?

अमृता_नाशिक
ओरिजिनल मार्कशीट ठेवून घ्यायच्या नाहीत असा यूजीसीचा २०१८ पासून नियम आहे. दाखवायच्या, पडताळणी झाली की परत घ्यायच्या, सेल्फ अटेस्टेड झेरॉक्स द्यायची. एलसी मात्र बरीच कॉलेजं जमा करून घेतात, तिच्या चार झेरॉक्स आधी काढून ठेव. नर्सिंगला लागला तर अर्ज देऊन टीसी काढायची, त्याला दोनतीन दिवस धर. फी परतीचा अर्ज त्याच दिवशी दे आणि पोच घे, तारखेवर पैसे अवलंबून असतात.

रत्ना_सिस्टर
लिस्ट टाक. माझी आज नाइट आहे, दोनच्या राउंडनंतर बघते.