मदत हवी आहे: शोधनिकालात आमचे वाचनालय अजून ‘बंद’ दिसते

नमस्कार. इंदुरातील आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयाचे संकेतस्थळ मी फावल्या वेळात सांभाळतो. दोन पावसाळ्यांपूर्वी छत गळू लागले तेव्हा ‘मराठी वाचनालय दुरुस्तीमुळे पुढील सूचनेपर्यंत बंद’ असे पहिल्या पानावर लिहिले होते. आता ते वाक्य तळाच्या ‘जुन्या सूचना’ या सदरात आहे, तरी ‘इंदूर मराठी वाचनालय वेळ’ असे शोधले की दुव्याखाली नेमके तेच झळकते. काही सभासद राजवाड्यापर्यंत येऊन फोन करतात; जे फोन करत नाहीत, ते बहुधा येतच नाहीत.

मेटा वर्णनात (पानाच्या कोडमध्ये शोधयंत्रासाठी लिहिलेला, पानावर न दिसणारा सारांश) मी मंडळाची ओळख लिहिली आहे, आणि तीच सर्व पानांना लावली आहे. वेळापत्रक म्हणून दारावरच्या फलकाचे छायाचित्र टाकले आहे. नवल असे की ‘इंदूर दिवाळी अंक’ शोधल्यास त्याच पानाखाली वेगळा आणि अगदी योग्य मजकूर येतो. दुव्याखालचे हे वर्णन ठरते कसे? सूचना न पुसता ती निकालातून काढता येईल का? (जुन्या सूचना पुसलेल्या आमच्या कार्यकारिणीला चालत नाहीत.)

प्रतिसाद:
गूगलच्या मार्गदर्शनानुसार दुव्याखालचे हे वर्णन, म्हणजे उतारा, मुख्यतः पानावरील मजकुरातून आपोआप तयार होते; मेटा वर्णन पानाची अधिक नेमकी ओळख करून देत असेल, तेव्हाच ते घेतले जाते. शोधशब्द बदलले की उताराही बदलू शकतो, म्हणून दिवाळी अंकांचा निकाल वेगळा दिसतो. आपली खरी अडचण मला त्या छायाचित्रात दिसते. वेळेविषयी अक्षरांत लिहिलेले काहीच नसल्यामुळे शोधयंत्राला त्यातल्या त्यात जवळचे वाक्य ती सूचनाच वाटत असावी. वेळ आधी मजकूर म्हणून लिहा आणि प्रत्येक पानाला स्वतंत्र मेटा वर्णन द्या.

सूचना जागीच ठेवायची असेल, तर ती ‘डिव्ह’मध्ये (पानाच्या कोडमधला एक वेगळा कप्पा) घालून त्याला ‘डेटा-नोस्निपेट’ हा, ‘एवढा भाग उताऱ्यात दाखवू नका’ असे सांगणारा गुणधर्म लावा. 2019 पासून गूगल तो पाळते. नुसता ‘नोस्निपेट’ लावू नका, कारण त्याने संपूर्ण पानाचाच उतारा नाहीसा होईल. ‘रोबोट्स’ फाइलमधून (कोणती पाने वाचू नयेत हे शोधयंत्रांना सांगणारी फाइल) पान अडवण्याच्या फंदातही पडू नका. पान वाचताच आले नाही, तर त्यावरील खूण शोधयंत्राला कळणार कशी? त्यानंतर सर्च कन्सोलमधून (संकेतस्थळ सांभाळणाऱ्यांसाठीचे गूगलचे साधन) पान पुन्हा वाचण्याची विनंती करा आणि काही दिवस वाट पाहा.