व्हिडिओ पोकरचं मशीन कॅसिनोवाले आतून 'घट्ट' (म्हणजे कमी पैसे देणारं) करू शकतात का? (मदत हवी आहे)

लिंबाचा_पार

नमस्कार मंडळी. लास व्हेगसला नेहमी जाणाऱ्यांकडून माहिती हवी आहे.

आईबाबा सध्या आमच्याकडे फिनिक्सला आलेत. बाबा जन्मभर रमी खेळलेले, तीही शेंगदाण्यांवर. व्हेगसला त्यांना व्हिडिओ पोकरची गोडी लागली (मशीन पाच पत्ते देतं, हवे ते धरायचे, बाकीचे एकदा बदलायचे). स्लॉट मशीनकडे ते ढुंकूनही बघत नाहीत, "त्यात डोकं कुठे लागतं" म्हणतात.

झालं असं की शुक्रवारी दुपारी एका हॉटेलात त्यांचं बरं चाललं होतं. शनिवारी रात्री दुसरीकडे, बारच्या ओट्यातच बसवलेल्या मशीनवर, तोच खेळ खेळताना पैसे भराभर गेले. चार बदाम धरून ठेवले की पाचवा येतच नाही, असं त्यांचं म्हणणं. सोबतच्या काकांनी लगेच सांगितलं, "शनिवारी गर्दी असते, ऑफिसात बसून कळ दाबतात." आता बाबांच्या डोक्यात तेच बसलंय आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जायचंय.

खरंच असं करता येतं का? मी दोन्ही पडद्यांचे फोटो काढले होते. खेळ दोन्हीकडे जॅक्स ऑर बेटर, म्हणजे किमान गुलामांची जोडी लागली तर पैसे. पहिल्यावर फुल हाउसपुढे (तीन सारखी पानं आणि एक जोडी) ९ आणि फ्लशपुढे (पाचही एका रंगाची) ६ आहे, बारमधल्यावर ६ आणि ५. रॉयल फ्लशला (एकाच रंगाची दहा ते एक्का) पाच नाण्यांवर दोन्हीकडे ४०००च, त्यामुळे हा फरक किरकोळ असावा.

किलवर_गुलाम

किरकोळ? अहो, सगळी गोम तिथेच आहे.

नेवाडात (व्हेगस ज्या राज्यात आहे तिथे) पत्त्यांचा खेळ दाखवणाऱ्या मशीनला खऱ्या जोडासारखंच वागावं लागतं. गेमिंग कंट्रोल बोर्डाच्या नियमावलीतल्या १४व्या नियमात ते आहे: ५२ पानांच्या खऱ्या जोडातून एखादं पान येण्याची जितकी शक्यता, तितकीच मशीनवर हवी. बदाम कमी करा, एक्के लपवा, असलं काही चालत नाही.

मग कॅसिनो कमावतो कुठून? पैसे देण्याच्या तक्त्यातून (कुठल्या हाताला नाण्यामागे किती मिळणार), आणि तो तक्ता काचेवर उघडाच असतो. फुल हाउस साधारण १.१५ टक्के डावांत लागतं, फ्लश १.१ टक्के डावांत. फुल हाउसचे ९ चे ६ केले की परतावा (लावलेल्या पैशांतला सरासरी परत येणारा भाग) साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटतो, फ्लशचा एक कमी केला की आणखी एक टक्का. अचूक खेळणाऱ्याला नऊ-सहाच्या मशीनवर ९९.५४ टक्के परतावा आहे, आठ-पाचवर ९७.३० आणि सहा-पाचवर जेमतेम ९५.

क्वार्टरच्या (पाव डॉलरच्या) मशीनवर पाच नाणी लावली तर डावाला सव्वा डॉलर. तासाला पाचशे डाव धरा, म्हणजे ६२५ डॉलर फिरले. नऊ-सहावर यातले सरासरी तीन डॉलर जातात, सहा-पाचवर एकतीस. बाबांना वाटलं मशीन घट्ट आहे, ते बरोबरच वाटलं. फक्त त्यासाठी शनिवारची वाट बघावी लागत नाही, ते मशीन मंगळवारी सकाळीही तितकंच घट्ट असणार. बारच्या ओट्यावर बहुतेक ठिकाणी असलेच तक्ते असतात. फुकट बिअरची किंमत कुठूनतरी निघायला हवी ना.

सदाशिव_ते_समरलिन

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण "कळ दाबतात" हे अगदीच हवेतलं नाही. तक्ता बदलता येतो. पूर्वी मशीन उघडून चिप बदलावी लागे. आता बऱ्याच मशीनमध्ये मंजुरी मिळालेले अनेक तक्ते आधीच भरलेले असतात, अधिकृत माणूस किल्ली लावून त्यातला एक निवडतो. सर्व्हरला जोडलेल्या मशीनवर हे काम दुरूनही होतं. पण मशीनवर कुणी खेळत असताना किंवा आत क्रेडिट शिल्लक असताना हात लावता येत नाही. आधी ते काही मिनिटं रिकामं असावं लागतं, बदलल्यावर पुन्हा काही मिनिटं बंद ठेवून पडद्यावर तशी सूचना द्यावी लागते. आणि नवा तक्ता काचेवर दिसतोच. म्हणून कालच्याच मशीनवर बसलात तरी आज पुन्हा वाचायचं.

स्लॉटचं मात्र वेगळं. तिथे चक्रावर कुठलं चित्र किती वेळा थांबणार हे आत ठरलेलं असतं आणि बाहेरून दिसत नाही. शेजारशेजारची दोन सारखी दिसणारी मशीनं वेगवेगळा परतावा देऊ शकतात. नेवाडात कायद्याने किमान ७५ टक्के परतावा हवा, बस. तेव्हा स्लॉटकडे ढुंकून न बघण्यात बाबांचा शहाणपणा आहे.

उगाच_शंका

नियम कागदावर ठीक हो. पण अमेरिकन कॉइन प्रकरण विसरलात का? १९८९ साली व्हेगसमध्येच उघडकीला आलं. दुकानांत, बारमध्ये मशीनं बसवणारी कंपनी, आणि तिच्या पोकर मशीनच्या प्रोग्राममध्ये मोठा जॅकपॉट लागूच नये अशी सोय. तो प्रोग्राम लिहिणारा लॅरी व्होक साक्ष देण्याआधी १९९० मध्ये मारला गेला. मी तर म्हणतो, काकांचं ऐका.

किलवर_गुलाम

@उगाच_शंका, प्रकरण खरं आहे. कंपनीचा परवाना गेला, जबर दंडही झाला. पण हिशेब बघा. आज एखाद्या मोठ्या कॅसिनोला जास्त कमवायचं असेल तर परवाना पणाला लावून चिपमध्ये लबाडी कशाला करेल? ९ च्या जागी ६ लिहिलं की काम झालं, तेही कायदेशीर, आणि शंभरातले नव्वद लोक वाचतही नाहीत. शंभरातले नव्वद हा माझा अंदाज, भांडू नका.

धागाकर्त्याला बदामांविषयी: चार बदाम हातात, एक पान टाकलं. उरली ४७ पानं, त्यात बदाम ९. म्हणजे १९ टक्के, पाचात एकदासुद्धा पूर्ण नाही. ओळीने सहा-सात वेळा हुकणं रोजचंच आहे. शंका फिटत नसेल तर बाबांना वही द्या. चार एका रंगाची धरली की एक रेघ, पाचवं आलं की त्यावर फुली. पाच-पन्नास रेघांनी काही सिद्ध होत नाही, पण काही शे झाल्या की फुल्या पाचात एकीच्या आसपास येतील.

आणि रॉयल फ्लश सरासरी चाळीस हजार डावांत एकदा. परताव्यातले सुमारे दोन टक्के एकट्या त्याचे असतात, त्यामुळे तो लागेपर्यंत चांगलं मशीनही कंजूषच वाटतं. पाच नाणी मात्र लावाच. चारपर्यंत रॉयलला नाण्यामागे २५० मिळतात, पाचव्यावर ते ८०० होतात. पाच परवडत नसतील तर कमी किमतीच्या नाण्याचं मशीन शोधा.

टल्सावाली

हे सगळं नेवाडाचं झालं. आमच्या ओक्लाहोमात आदिवासी जमातींच्या कॅसिनोंमध्ये दोन प्रकारची मशीनं असतात. एक वर्ग तीन, ती नेहमीसारखी. दुसरी वर्ग दोन, आणि तिथे समोर दिसणारे पत्ते निव्वळ देखावा! १९८८ च्या इंडियन गेमिंग कायद्याप्रमाणे त्या मशीनवर खरा खेळ बिंगोचा असतो. निकाल बिंगोत ठरतो, मग तो पत्त्यांच्या रूपात दाखवतात. जिंकलेला हात मुद्दाम फेकून दिला तरी पडद्यावर एखादी परी येऊन पैसे परत देते, असंही पाहिलंय. तिथे ४७ पैकी ९ चा हिशेब लागू नाही आणि तक्ता वाचून परतावा कळत नाही. ओळखायची खूण म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यात बिंगोचं छोटं कार्ड. ते दिसलं तर बाबांना उठवा. फिनिक्सजवळही जमातींचे कॅसिनो आहेत, म्हणून लिहिलं.

मांडवीकाठ

अवांतर: गोव्यात १९७६ च्या जुगार कायद्यातल्या दुरुस्तीनुसार पंचतारांकित हॉटेलांत फक्त इलेक्ट्रॉनिक खेळांना परवानगी आहे, पत्त्यांची टेबलं पाण्यावरच्या बोटींवर. आणि महाराष्ट्रानेही त्याच वर्षी कॅसिनोचा कायदा केला होता बरं का! अंमलात कधी आलाच नाही, २०२३ मध्ये रद्द केला. जवळजवळ अर्धं शतक नुसता कागदावर.

लिंबाचा_पार

सगळ्यांचे आभार. बाबांना फोटो दाखवले. चष्मा लावून दोन्ही तक्ते नीट बघितले आणि म्हणाले, "मग काकांना काय माहिती होतं?" वही आईने आजच आणून दिली.

एक शेवटचं. तिर्रीच्या जोडीबरोबर ते एक्काही धरून ठेवतात, "असू दे, कामाला येईल" म्हणून. बरोबर आहे का? आणि डबल डबल बोनस नावाच्या मशीनवरही ९ आणि ६ दिसले, तेही चालेल?

किलवर_गुलाम

एक्का सोडायला सांगा. जोडी ठेवून तीन पानं बदलली की तिसरी तिर्री येण्याची संधी तीन पानांत मिळते. एक्का धरला की दोनच पानं उरतात.

डबल डबल बोनसचे नऊ-सहा म्हणजे ९८.९८ टक्के. तिथे चार सारख्या पानांना भरघोस देतात, पण दोन जोड्यांना दुप्पट न देता लावलेलेच पैसे परत करतात, त्यामुळे चढउतार फार. बाबांना जॅक्स ऑर बेटरवरच बसवा. बसण्याआधी दोन जोड्यांपुढे २ आहे ना, तेही बघा.