विषय: भावाचं अपंगत्व प्रमाणपत्र आणि विमा

वंदना, ह्यूस्टन

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ बाळू परभणी जिल्ह्यात गंगाखेडला आईजवळ असतो. चाळिशी आली, पण जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळं हातापायांवर ताबा नाही. जेवण-अंघोळ सगळं आईच्या हातानं. बाबा झेडपीचे शिक्षक होते, मागच्या दिवाळीत गेले. आई ७३ ची. परवा फोनवर म्हणायली, "माझ्यामागं ह्याचं कोण बघायलंय?" विमा काढून ठेवावा म्हणून दोन एजंटांशी बोलले. 'जन्मजात' शब्द ऐकला अन् दोघंही परत फोन उचलेनात. बाळूचं २००४ चं प्रमाणपत्र आहे, ६५ टक्क्यांचं. त्यावर काही होईल का? माझा पासपोर्ट आता अमेरिकन आहे, तरी मी त्याची पालक होऊ शकते का?

दत्ता, न्यू जर्सी

वंदनाताई,

एजंटांचा नाद सोडा. आधी ते प्रमाणपत्र वाचा. 'अस्थिव्यंग' लिहिलंय का? १९९५ च्या अपंगांसाठीच्या कायद्यात सेरेब्रल पाल्सी त्यातच धरायचे. २०१६ च्या कायद्यात तिची वेगळी नोंद आहे, आणि सगळी मेख तिथंच आहे. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना चारच प्रकारांना मिळते: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता. १ लाखापर्यंतचा खर्च, आधी तपासणी नाही, जन्मजात आहे म्हणून नकार नाही, आणि ओपीडी, फिजिओथेरपीसुद्धा. पण कागदावर नुसतं 'अस्थिव्यंग' असलं की दार बंद.

माझ्या भाच्याचं हेच झालं. प्रमाणपत्र देणाऱ्या मेडिकल बोर्डापुढं नेलं, डॉक्टरांनी पाय बघितले, टक्के टाकले, पुढचा पेशंट. बहिणीनं पिशवीतून लहानपणीचे केसपेपर काढले तेव्हा कुठं 'सेरेब्रल पाल्सी' लिहिलं गेलं. म्हणून जुने कागद जपून न्या, अगदी बाळंतपणाचे असले तरी. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज भरा, मग सिव्हिलच्या बोर्डापुढं जायचं. आधार कार्डही बघून घ्या. भाच्याची मूठ त्या मशीनवर उघडेचना. बहीण घरी त्याचा हात कोमट पाण्यात धरून बसायची, एकेक बोट सोडवायची. तिसऱ्या खेपेला ठसा आला.

मोठं ऑपरेशन निघालं तर महात्मा फुले योजना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाख. रेशनकार्डावर बाळूचं नाव आहे ना, तेवढं बघा. दवाखाना मात्र योजनेतला लागतो आणि रोजची औषधं त्यात बसत नाहीत. आईंचं सत्तरीवरचं आयुष्मान कार्ड निघेल. त्याचं नावच 'वय वंदना' आहे, म्हणजे तुमचंच. संजय गांधी निराधारला उत्पन्नाची अट आहे, दिव्यांगांना वर्षाला ५० हजार. घरात पेन्शन येते, तेव्हा त्या अटीत बसणं अवघड; कुणी "करून देतो" म्हणून पैसे मागायला लागला तर हाकलून द्या.

खरा आधार पेन्शनचाच. आईंनंतर कुटुंब निवृत्तिवेतन कमवू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला आयुष्यभर मिळतं. पण त्याचं नाव आणि प्रमाणपत्र आईंच्या हयातीतच नोंदवून घ्या. नंतर पंचायत समितीत कोण कुणाचं ऐकतंय!

पालकत्व कलेक्टरच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती देते, नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली. पालक भारतीय नागरिकच लागतो, त्यामुळे तुमचं जमणार नाही, ताई. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, चालत नाही. परभणीत जवळचं कुणी आहे का?

वंदना

दत्ताभाऊ,

आईनं आत्ताच फोटो पाठवला. 'अस्थिव्यंग'च आहे. वीस वर्षं बाबांनी लॅमिनेट करून कपाटात ठेवलं, कुणी वाचलंच नाही. नाशिकच्या भावजयीला वाटायचं मी अमेरिकेतून सगळं बघीन, आता तिला नीट समजावते. चुलतभाऊ परभणीलाच असतो, पालक व्हायला तयार आहे. सोमवारी सिव्हिलला जाऊन बोर्ड कोणत्या वारी बसतं ते विचारून येणार. केसपेपर आईच्या ट्रंकेत आहेत, उंदरांनी एक कोपरा खाल्लाय. बाळूला मात्र रिक्षात बसायला मिळणार म्हणून आत्तापासूनच हसायलाय.