कटऑफ बघून कॉलेज किती अवघड ते कसं ओळखायचं? (मुलगी, 91.37, ओबीसी, अमळनेर)

शिवणकाम_अमळनेर
नमस्कार. माझ्या लेकीला एमएचटी-सीईटीत, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) 91.37 पर्सेंटाइल आहेत. बारावी अमळनेरलाच झाली. ओबीसी, नॉन-क्रीमीलेयर काढून ठेवलंय. तिला कॉम्प्युटर हवंय, जमलं तर पुण्याला. आमच्या घरात इंजिनिअरिंगला जाणारी ही पहिलीच.

सायबरवरून गेल्या वर्षीच्या कटऑफची, म्हणजे शेवटी प्रवेश मिळालेल्याच्या पर्सेंटाइलची, पानं काढून आणली. रात्री मशीन बंद केलं की पट्टी ठेवून एकेक ओळ वाचते. एकाच कॉलेजच्या एकाच ब्रँचला कुठे 96, कुठे 89, कुठे 82. मग ते अवघड म्हणायचं की मिळण्यासारखं? एका काउन्सेलरने पाच हजार घेऊन यादी दिली, तिच्यात कॉलेजपुढे नुसतं ए, बी, सी लिहिलंय. कशावरून, तर म्हणे अनुभवावरून. वर म्हणतात, मॅनेजमेंटची सीट आत्ताच धरून ठेवा. मला स्वतःला समजून घ्यायचंय. कुणी सांगेल का?

भुसावळ_ज्युनिअर_कॉलेज
ताई, आधी ते मॅनेजमेंटचे पैसे थांबवा. 2024 च्या जीआरप्रमाणे ओबीसी मुलीला, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे; पण प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, झाला तरच. मॅनेजमेंटच्या सीटवर ही माफी नाही.

आता ती पानं. प्रत्येक आकड्याच्या डोक्यावर कोड आहे. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींची जागा. मधे प्रवर्ग. शेवटी एच असेल तर होम युनिव्हर्सिटी, म्हणजे कॉलेजच्या विद्यापीठाच्या भागातच बारावी केलेल्यांची जागा, ओ म्हणजे बाहेरच्यांची, एस म्हणजे राज्यस्तर. तुमची लेक बारावी अमळनेरची, म्हणजे तिची होम युनिव्हर्सिटी आपलं जळगावचं बहिणाबाई विद्यापीठ. पुण्याच्या कॉलेजात तिने ओ वाचायचा. तुम्ही वाचलेला 82 बहुधा एच खालचा असेल, तो तिच्या कामाचा नाही. कॉलेजच्या नावाखाली होम युनिव्हर्सिटी छापलेली असते, ती बघाच. नुसत्या गावावरून धरू नका. खान्देशातलीही काही कॉलेजं बहिणाबाईला नाही, तर रायगडातल्या लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली आहेत.

दुसरं, आणि हे मी वर्गात दरवर्षी फळ्यावर मांडून दाखवतो. खासगी कॉलेजातल्या 60 जागांतल्या 20 टक्के संस्थेच्या, उरल्या 48. त्यातल्या बाहेरच्यांसाठी 30 टक्के, म्हणजे 14. ओबीसीच्या 19 टक्क्यांनी त्यातल्या जेमतेम तीन. मुलींना त्यातली एक. म्हणजे एलओबीसीओ खाली छापलेला आकडा एकाच मुलीचा असतो! ती मुलगी 95 वाली निघाली तर कॉलेज अवघड दिसतं, पुढच्या वर्षी 88 वाली आली की सोपं. म्हणून एका वर्षावर विसंबू नका. तीन वर्षांची पानं काढा, आणि शेजारचे जीओबीसीओ, जीओपनओ हेही रकाने बघा, कारण त्या जागांवरही तिचा हक्क आहे. फक्त 2024 पासून एसईबीसीच्या (मराठा आरक्षणाच्या) 10 टक्के जागा आल्या, त्यामुळे त्याआधीचा खुल्याचा आकडा जसाच्या तसा धरता येत नाही. शिवाय त्याच वर्षापासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादा उठवली. कॉम्प्युटरच्या जागा दुप्पट झालेल्या कॉलेजचा कटऑफ खाली आला असेल, तर कॉलेज बिघडलं असं नाही.

पर्सेंटाइलपेक्षा मेरिट नंबर, म्हणजे राज्याच्या गुणवत्ता यादीतला क्रमांक, लावून बघा, तोही त्याच चौकटीत असतो. तीन लाख मुलं बसली तर एक पर्सेंटाइल म्हणजे 3,000 मुलं, चार लाख बसली तर 4,000.

धुळे_ते_पुणे
सरांचं होम युनिव्हर्सिटीचं अगदी खरंय. मी धुळ्याची, पण बारावी नाशिकला केली, म्हणून माझी होम पुणे धरली गेली. माझी मैत्रीण धुळ्यातच शिकली. दोघींचे मार्क जवळपास सारखे, तरी एकाच कॉलेजात मला मिळालं, तिला नाही. तिने माझा एच वाचून फॉर्म भरला होता. आजही मला त्याचं वाईट वाटतं.

काकू, एक सांगते. कॅपच्या ऑप्शन फॉर्ममध्ये (कॉलेजांच्या पसंतीच्या यादीत) कॉलेजं कटऑफच्या क्रमाने लावू नका, लेकीच्या आवडीच्या क्रमाने लावा. वर अवघड कॉलेज टाकल्याने खालचं हातचं जात नाही. पण 2025 पासून पहिल्या राउंडला पहिला ऑप्शन मिळाला की तो आपोआप फ्रीज होतो, म्हणजे तोच पक्का, पुढच्या राउंडला जाता येत नाही; दुसऱ्याला पहिले तीन, तिसऱ्याला पहिले सहा. तेव्हा वरच्या सहांत जिथे खरंच जायचंय तीच नावं हवीत. कटऑफचा उपयोग शेवटच्या दहा-बारा नावांना.

शिवणकाम_अमळनेर
सर, आत्ता पानं उघडून बसले. 82 एच खालीच निघाला. ओ खाली पहिल्या राउंडला 93, आणि तिसऱ्याला ती चौकट कोरीच आहे. म्हणजे ती एक जागा आधीच भरली असेल, हो ना? काउन्सेलरने याच कॉलेजपुढे सी लिहिलंय.

लेकीला शेजारी बसवलंय. ती तीन वर्षांचे मेरिट नंबर वहीत उतरवतेय. पुण्याची चार झाली, आता जळगाव आणि शिरपूरची घेतोय.