सुई अडकवलेली अर्धी कानटोपी आणि भट्टीवरची बिस्किटं: तुमचे अनुभव लिहा

काळी_माती
परभणीत चार दिवसांपासून असला गारठा पडलाय की सकाळी नळाखाली हात धरवत नाही. बाहेरच्यांना मराठवाडा म्हणजे नुसतं ऊन वाटतं. त्यांनी डिसेंबरात पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यानं एक चक्कर मारावी.

तर स्वेटरं काढायला पत्र्याची पेटी उघडली. तळाशी आईच्या नऊवारीच्या घडीत एक अर्धी टोपी निघाली. गडद लाल. क्रोशाची सुई टाक्यात तशीच अडकवलेली, शेजारी लोकरीचा गुंडा. गुंडा कागदाच्या घडीवर गुंडाळायची तिची सवय होती. तो कागद ओढून बघितला तर बसस्टँडजवळच्या कुठल्याशा लॉजची जाहिरात. आई जाऊन सहा वर्षं झाली. ही कोणासाठी चालली होती काही कळेना. लेकरांची तर नाही, मोठी आहे. बाबांनी जन्मात टोपी घातली नाही, ते मफलरवाले.

आईला दोनच नाद, लोकर आणि बिस्किटं. दिवाळीआधी आम्ही मैदा, पिठीसाखर, डालडा घेऊन बेकरीत जायचो. भावाच्या डोक्यावर पत्र्याचा डबा. बेकरीवाले चाचा डब्यावर खडूनं नंबर घालायचे. नंबर लागेपर्यंत रात्रीचे साडेदहा. सगळ्या बाया गप्पा मारायच्या आणि आमची माय भट्टीच्या उबेला बसून विणायची. डबा भरून बिस्किटं आणि एक टोपी घेऊनच घरी. त्या टोप्यांना दोन-तीन दिवस खरपूस वास यायचा, आम्ही नाकावर ओढून झोपायचो.

तुमच्याकडं कोण विणायचं, कोण भाजायचं, तुम्ही काय करता ते लिहा. आणि ही टोपी पुरी करू का तशीच ठेवू? मला साखळीच्या पुढं काही येत नाही.

गोदाकाठ
पुरी कर गं. वस्तू वापरात पाहिजे.

थांब, नको. आईचा हात घट्ट असणार आणि तुझा नवशिकीचा सैल. जिथून तू सुरू करशील तिथून टोपीला झालर येईल. माझ्या सासूबाईंचा अर्धा रुमाल मी पुरा केला होता, अजून सगळे विचारतात हा एवढाच भाग कोणी उंदरानं केलाय का.

कवठी_चाफा
उंदरानं 😂😂 भाजी करपली माझी

उदगीरकर_पोट्टा
मी पुरुष आहे तरी लिहितो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये सगळं जग केक करायलं होतं म्हणून मीबी केला. ओव्हन कुठला, कुकरमध्ये. व्हिडिओत सांगितलं होतं, रिंग काढा, शिट्टी काढा, तळाला मीठ पसरा, दहा मिनिटं तापवा, मग डबा ठेवून बारीक गॅसवर पाऊण तास. सगळं केलं. फक्त हाताला सवय ना, कुकर दिसला की दोन पेले पाणी ओतायची. ओतलं. मिठाच्या पाण्यावर केक उकडला. आजी आली, बोट लावून बघितलं आणि म्हणाली, "ढोकळा बरा झालाय, गोड जास्त पडलं." वरून मोहरीची फोडणी घालून खाल्ला तिनं. खरंच घातली फोडणी.

आता ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) घेतलाय. बायकोपेक्षा बरा केक येतो (ती हे वाचत नाही).

उदगीरकर_पोट्ट्याची_बायको
वाचते.

काळी_माती
😂 फोडणी!! आजींना नमस्कार सांगा

चकमक
सगळे सुटायलेत पण मूळ प्रश्न राहिला बाजूला. ताई, सुईच्या दांड्यावर नंबर कोरलेला असतो तो बघा. त्याच नंबरची सुई, त्याच जाडीची लोकर घेतली तर निम्मं काम झालं. हात घट्ट का सैल ते नंतर. आधी दुसऱ्या लोकरीवर आठ दिवस खांब (क्रोशाचे उभे टाके) घालून हात बसवा, मग आईच्या टोपीला हात लावा. आणि सुई बाहेर ओढू नका!! शेवटच्या टाक्यात पिन घालून ठेवा, नाहीतर सर्रकन उसवत येईल.

बीडचा_मास्तर
मी विणत नाही, विणून घेतो. आमच्या शाळेतली निम्मी लेकरं दिवाळीनंतर आईबापामागं कारखान्याला जायची. आता काही हंगामी वसतिगृहात राहतात, आजी-आजोबांकडं राहतात. पण पाच-सहा महिने ऊसतोडीला जाणाऱ्या बाया तान्ही पोरं तर सोबतच नेणार. कोपीत (पाचटाच्या झोपडीत) राहायचं, पहाटे चारला फडात. थंडी काय असते ते त्या पोरांना विचारा.

एका वर्षी आमच्या बाईंनी (शाळेतल्या बाई, माझी बायको नव्हे) सातवीच्या पोरींना क्रोशा शिकवला आणि पोरींनी निघणाऱ्या बैलगाड्यांसाठी टोपडी केली. पहिल्या खेपेला सगळ्या टोपड्यांना बंद लावले होते. दवाखान्यातल्या सिस्टरांनी ओरडून काढायला लावले, तान्ह्याच्या गळ्याभोवती बंद नको म्हणाल्या. मग कानावर येणारी साधी टोपडी केली. एका पोरीनं स्वतःच्याच भावासाठी केलं, दोन रंगांचं, लोकर संपली म्हणून अर्धं निळं अर्धं पोपटी. पुढच्या वर्षी गाडी परत आली तेव्हा भाऊ चालायला लागला होता आणि टोपडं त्याच्या हाताच्या कोपरापर्यंतच जात होतं. तो ते हातात घालून फिरायचा.

गोदाकाठ
मास्तर 🙏

ज्वारीची_भाकर
मी बेकिंगवाली. ज्वारीची बिस्किटं करून बघायचा नाद लागला, घरची ज्वारी आहे म्हणून. पहिली खेप हातात धरली की रांगोळी. ज्वारीला चिकटपणाच नाही ना, भाकरी तरी गरम पाण्यात मळून कशीबशी थापली जाते. मग निम्मी कणीक घातली तेव्हा जरा धरून राहिली. 180 ला वीस मिनिटं. बाहेर काढली की मऊच लागतात, मला वाटायचं कच्ची राहिली म्हणून परत आत ढकलायचे. गार झाल्यावर कडक होतात हे कळायला माझी चार ताटं गेली. त्या चार ताटांना नवऱ्यानं नाव ठेवलं होतं, फरशी.

सासूबाई म्हणतात भाकरीला पीठ नाही म्हणून ओरडते आणि बिस्किटाला कुठून येतं. त्यांचंबी बरोबर आहे.

नानखलिया
भट्टीचं निघालंच आहे तर, संभाजीनगरात येऊन नान-खलिया (भट्टीतला नान आणि मटणाचा रस्सा) खाल्ला का कोणी? तो नान भट्टीतून निघाल्यावर त्याच्यावर जी पिवळी चकाकी असते ना... माझे वडील पहाटे नान आणायला जायचे तेव्हा डोक्याला टोपी असायचीच, म्हणजे विषयाला धरूनच बोलतोय मी

चकमक
विषयाला धरून 😄

नानखलिया
लोकरीचीच होती हो!

माकणी_धरण
लोहारा भागातली आहे. किल्लारीच्या भूकंपाला मी आठ वर्षांची होते. अनंत चतुर्दशीची रात्र, 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारला चार-पाच मिनिटं कमी असताना. ते लिहीत नाही. नंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहायलो होतो तेव्हा ट्रकनं कपडे यायचे. ढिगातून ज्याला जे हाताला लागेल ते. मला एक पिवळी टोपी मिळाली, विकतची नव्हती, शेवटची गाठ आत नीट लपवलेली नव्हती, शेपटीसारखी बाहेर यायची. मी ती शेपटी बोटाला गुंडाळून झोपायचे. कोणी विणली, कुठून आली, काही नाही.

आता मी स्वतः करते. गाठ लपवायला येते मला. पण शेपटी ठेवतेच थोडी.

काळी_माती
तुमचं वाचून जरा बसून राहिले. बरं झालं लिहिलंत.

कवठी_चाफा
❤️

जालन्याची_पाहुणी
जाड लोकर कुठं मिळते कोणी सांगा, आमच्याकडं सगळी बारीक. तिबेटी लोक थंडीत स्वेटरं घेऊन बसतात त्यांना विचारलं तर ते म्हणाले आम्ही तयार मालच आणतो बाई, लोकर नाही.

गोदाकाठ
नांदेडला ये, मी घेऊन देते. तुझ्या नणंदेचं ठरलं का गं?

जालन्याची_पाहुणी
ठरलं!! मे मध्ये. त्याच्यासाठीच तर लोकर, मुलाकडच्यांना रुखवतात क्रोशाचं काहीतरी पाहिजे म्हणे. मे महिन्यात लोकर. जालन्यात.

उदगीरकर_पोट्टा
नवरदेवाला कानटोपी करा. 42 डिग्रीत मुंडावळ्यांच्या वर

सुलट_उलट
मी दोन सुयावाली, तरी क्रोशाचं थोडं येतं म्हणून सांगते. काळी_माती, टोपी वरून सुरू केलीय का काठाकडून? क्रोशाची असेल तर बहुतेक टाळूपासून. मधे गोल चकती असते, दर फेरीला खांब वाढवत जायचे. 12, मग 24, मग 36. वाढवायचे विसरलं की वाटी होते, थांबायचं विसरलं की ताटली. (माझ्या घरी अशा तीन ताटल्या आहेत, गरम पातेल्याखाली घालते.) चकती पुरेशी झाली की वाढवणं बंद करायचं, मग ती आपोआप खाली वळते. त्या वळणापाशी आडवं माप घ्या. त्याची तिप्पट म्हणजे डोक्याचा घेर, थोडं इकडंतिकडं. साधारण मोठ्या माणसाला 18 सेंटिमीटरची चकती लागते. माप कळलं की टोपी कोणाची ते कळेल.

काळी_माती
मोजलं. वीसला जरा जास्तच आहे. खाली वळल्यावर दोन फेऱ्या झाल्यात फक्त.

सुलट_उलट
म्हणजे घेर साठच्या वर. हे साधं डोकं नाही ताई. घरात कोणाला टोपी बसत नाही अशी ख्याती आहे का?

काळी_माती
अगं बाई. मोठा मामा.

चकमक
???

काळी_माती
आत्ता फोन करून आले. लग्नात मामाला फेटाच बसेना म्हणून दोन फेटे जोडले होते, ही आमच्या घरची कथा आहे. मला आधी कसं सुचलं नाही. मामाला विचारलं, आई तुझ्यासाठी टोपी विणायली होती का? मामा म्हणाला, "हो मग. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा अक्का बघायला आली होती. म्हणाली टक्कल उघडं टाकून फिरू नको, संक्रांतीला टोपी पाठवते." ती संक्रांत आलीच नाही.

मी म्हटलं शिकून पुरी करून पाठवते, थोडा वेळ दे. तर म्हणे, "कुठं शिकत बसतीस. आहे तशी पाठव. वरून सुरू केलीय ना? मग टक्कल झाकण्यापुरती झालीच की."

कवठी_चाफा
आता मला रडू आलं आणि हसूबी

चकमक
तशी पाठवायची असेल तर शेवटचा टाका बंद करून द्या, नाहीतर मामाच्या डोक्यावरच उसवेल. लोकर वीतभर ठेवून कापा, टोक शेवटच्या टाक्यातून ओढा, शिवायच्या मोठ्या सुईत ओवून आतल्या बाजूनं दोन-तीन खांबांत फिरवा.

माकणी_धरण
थोडी शेपटी ठेवा.

काळी_माती
ठेवते. गुंड्यातला कागदपण त्याच पाकिटात टाकते, मामा हसेल. कुरिअरवाला पाचला बंद करतो, पळते.

ज्वारीची_भाकर
अगं पळण्याआधी, बिस्किटांना किलोभर मैद्याला साखर आणि डालडा किती घ्यायची तुझी आई? तेच तर राहिलं

बीडचा_मास्तर
आमच्याकडंही हाच प्रश्न. बेकरीवाले आता भाजून देत नाहीत म्हणतात, घरी करायचा विचार आहे.

ज्वारीची_भाकर
गेली वाटतं ती