मदत हवी आहे: मुलासाठी अरबी (जॉर्डन) की रशियन (कझाकस्तान)? सोमवारी मुदत संपते

वैशाखी (गुरुवार, रात्री १०:४०)
मुलगा इथे अमेरिकेत कॉलेजात आहे आणि आरओटीसी (कॉलेज करता करता सैन्यात अधिकारी होण्याचं प्रशिक्षण) करतोय. ‘प्रोजेक्ट गो’ मधून उन्हाळ्यात परदेशात राहून भाषा शिकता येते, खर्च संरक्षण खातं करतं. त्याच्यापुढे दोन पर्याय आहेत: अम्मानला जाऊन अरबी किंवा अल्माटीला जाऊन रशियन. तो अरबीवर अडून बसलाय. नवरा म्हणतो जॉर्डनचं नावही काढू नका. घरात रोज यावरून वाद. निबंध लिहायचाय, शिफारसपत्र मागायचंय, आणि भाषाच ठरत नाही.
ज्यांची मुलं गेली आहेत त्यांनी कृपया पटकन सांगा, सैन्यातल्या पुढच्या करिअरला कोणती भाषा जास्त उपयोगी? एवढंच हवंय.

नभांगण (गुरुवार, रात्री १०:५८)
काकू, आरओटीसी कुठली? आर्मी, एअर फोर्स की नेव्ही? आणि मुलगा कितव्या वर्षाला?

शिडाचं_जहाज (गुरुवार, रात्री ११:१५)
रशियन. दुसरा विचार नको. आमच्या नौदलातल्या नोकरीत रशियन येणाऱ्या माणसाची किंमत मी जवळून पाहिली आहे. ‘विक्रमादित्य’ ही विमानवाहू नौका २०१३ साली सेव्हेरोद्विन्स्कला नौदलात दाखल झाली, तिच्यासाठी आपली माणसं रशियात राहून शिकली. यंत्रावरच्या पाट्यांपासून सगळं रशियन! राकेश शर्मांचं उदाहरण घ्या. १९८४च्या अंतराळ उड्डाणाआधी स्टार सिटीत, म्हणजे रशियातल्या अंतराळवीरांच्या प्रशिक्षण केंद्रात, त्यांना आधी भाषाच शिकावी लागली, कारण पुढचं सगळं प्रशिक्षण त्याच भाषेत. आणि शर्मा आमच्या खडकवासल्याच्या एनडीएचेच.

वैशाखी (गुरुवार, रात्री ११:२१)
@नभांगण, आरओटीसी लिहिलंय वर. दुसरं वर्ष. त्याचा भाषेशी काय संबंध?
@शिडाचं_जहाज, धन्यवाद, पण हा अमेरिकन सैन्यात जाणार आहे, तिथे रशियन जहाजं नाहीत.

नभांगण (गुरुवार, रात्री ११:३०)
संबंध आहे म्हणूनच विचारतोय. तिन्ही दलांची आरओटीसी वेगळी आणि प्रत्येकाचा उन्हाळा वेगळा. आर्मीचे कॅडेट तिसऱ्या वर्षानंतर फोर्ट नॉक्सला अ‍ॅडव्हान्स्ड कॅम्पला जातात. एअर फोर्सचे बहुतेक कॅडेट दुसऱ्या वर्षानंतर मॅक्सवेलला फील्ड ट्रेनिंगला जातात. नेव्हीवाल्यांच्या समुद्रावरच्या क्रूझ असतात. तुमचा मुलगा एअर फोर्सचा असेल तर अरबी की रशियन हा प्रश्न नंतरचा. हा उन्हाळा त्याच्या हातात आहे का, हे आधी बघा.

गोदाकाठ (शुक्रवार, सकाळी ७:०५)
माझी मुलगी आर्मी आरओटीसीतून प्रोजेक्ट गोवर मोरोक्कोला जाऊन आली. वैशाखीताई, जॉर्डनची भीती मी समजू शकते, माझीही झोप उडाली होती. पण ही मुलं गणवेशात फिरत नाहीत, जाण्याआधी त्यांना सूचना मिळतात, डिटॅचमेंटच्या (कॉलेजातल्या आरओटीसी तुकडीच्या) परवानगीशिवाय कोणी विमानात बसत नाही. आणि यजमान कुटुंबात राहिल्यावर जे मिळतं ते वर्गात मिळत नाही. त्या घरची आजी हिच्याशी फक्त अरबीत बोलायची, हिला कळो न कळो. पहिले काही दिवस मुलगी फोनवर रडायची. परत आली तेव्हा भाजीवाल्याशी भांडण्याइतकं बोलत होती. पाठवा!

रमतगमत (शुक्रवार, सकाळी ८:३२)
मी इथे विद्यापीठात अरबी शिकवते. मूळ प्रश्नात एक गोष्ट राहून गेली आहे: मुलाला आत्ता अरबी किती येतं? एकही सेमिस्टर झालं नसेल तर त्याला थेट अम्मानला पाठवण्याच्या मी विरोधात आहे.

अमेरिकेच्या फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूटच्या अंदाजाने इंग्रजी भाषकाला कामापुरतं अरबी यायला ८८ आठवडे, म्हणजे सुमारे २२०० तास लागतात. रशियनला ४४ आठवडे. तो मुक्काम गाठायला एक उन्हाळा अर्थातच पुरत नाही, पण ते आठ आठवडे भाषेच्या कोणत्या टप्प्यावर खर्च होतात याने फार फरक पडतो. ज्याला लिपीही येत नाही तो अम्मानमध्ये बसून अक्षरं गिरवतो. ते काम इथे होतं. ज्याची दोन सेमिस्टर झाली आहेत तो तिथे टॅक्सीवाल्याशी बोलायला लागतो आणि आठ आठवड्यांत त्याचं रूप पालटतं. प्रोजेक्ट गोमध्ये अमेरिकेतल्या अमेरिकेत शिकायचे वर्गही असतात. नवशिक्याने पहिला उन्हाळा तिथे घालवावा.

गोदाकाठ (शुक्रवार, सकाळी ९:१०)
@रमतगमत, नाही पटलं. माझ्या मुलीचं एकच सेमिस्टर झालं होतं आणि तिला भरपूर मिळालं. भाषेच्या आधी हिंमत लागते, ती तिथेच येते.

रमतगमत (शुक्रवार, सकाळी ९:२६)
एक सेमिस्टर म्हणजे शून्य नव्हे. आणि तुमच्या मुलीला यजमान घर मिळालं, हीच मोठी गोष्ट. मी अशा तुकड्या पाहिल्या आहेत ज्यात सगळे कॅडेट एका वसतिगृहात राहतात, एकत्र जेवतात, एकत्र फिरतात, आणि दिवसभर आपसात इंग्रजीतच बोलतात. अम्मान खिडकीबाहेर राहतं. परदेशात गेलं की भाषा आपोआप येते हा समज मुलांचं नुकसान करतो. म्हणून अर्जाआधी एवढं नक्की विचारा: राहायची सोय घरात की वसतिगृहात, रोज स्थानिक जोडीदाराबरोबर बोलायचा तास आहे का, आणि आपसात तीच भाषा बोलायचं बंधन आहे का. मिडलबरीच्या उन्हाळी शाळेत तर व्हरमाँटमध्ये राहूनही मुलांना शपथेवर ठरलेल्या भाषेतच बोलावं लागतं, आणि तिथली प्रगती मी डोळ्यांनी पाहिली आहे.

आणखी एक. मोरोक्कोत रस्त्यावर दारिजा बोलतात, अम्मानमध्ये शामी (सीरिया-जॉर्डनकडची) बोली. वर्गातली प्रमाण अरबी दोन्हींपासून वेगळी, पण दारिजा त्यातल्या त्यात जास्त लांब. पुढे अरबी चालू ठेवायची असेल तर मी अम्मान निवडेन.

पिंपळपान (शुक्रवार, दुपारी १२:४८)
माझ्या भाच्याने पुण्यात मॅक्स म्युलर भवनमधून जर्मन बी१ केलं, मग तिकडे मास्टर्सला गेला. जर्मन सोपी आणि नोकऱ्याही भरपूर. व्हिसाच्या मुलाखतीला सर्टिफिकेटची मूळ प्रत न्यायला विसरू नका, आणि प्रवासाचा विमा इथूनच काढा.

वैशाखी (शुक्रवार, दुपारी १:०२)
@पिंपळपान, जर्मन या यादीतच नाही.
@नभांगण, एअर फोर्स. पण त्याने मला फील्ड ट्रेनिंगबद्दल काही सांगितलेलं नाही.
@रमतगमत, अरबी शून्य. यूट्यूबवर थोडं बघितलंय. हिंदी समजतं, मराठी घरात बोलतो, देवनागरी अडखळत वाचतो.
पण माझा प्रश्न अजून तिथेच आहे. कोणती भाषा?

नभांगण (शुक्रवार, दुपारी १:४०)
मला वाटलंच. सविस्तर लिहितो, कारण मी एअर फोर्स आरओटीसीतूनच अधिकारी झालो.

पहिली दोन वर्षं कॅडेट जीएमसीत असतो. पुढच्या दोन वर्षांना पीओसी म्हणतात, आणि तिथे जायला निवड व्हावी लागते. त्या निवडीत जीपीए, फिटनेसचे गुण, एएफओक्यूटी ही परीक्षा आणि कमांडरने लावलेला क्रम बघतात. निवड झाली की फील्ड ट्रेनिंगला जागा मिळते. निकाल वसंतात लागतो. फील्ड ट्रेनिंगच्या तुकड्या उन्हाळाभर वेगवेगळ्या तारखांना असतात आणि कोणती मिळेल हे आत्ता कोणालाच माहीत नाही. म्हणजे अम्मानचा अर्ज मंजूर झाला आणि नेमक्या त्याच आठवड्यांत मॅक्सवेलचं बोलावणं आलं, तर अम्मान सोडावं लागणार. पीओसीची जागा भाषेसाठी कोणी सोडत नाही, आणि सोडूही नये.

उलट तिसऱ्या वर्षानंतरचा उन्हाळा एअर फोर्सच्या कॅडेटला बराच मोकळा असतो. परदेशात जायचा खरा उन्हाळा तो.

सोमवारच्या आत त्याने स्वतः डिटॅचमेंटमध्ये जाऊन कॅडरशी (तिथल्या प्रशिक्षक अधिकाऱ्यांशी) बोलावं. तुम्ही फोन करू नका, काकू. हे त्याचं त्यानेच केलेलं बरं दिसतं.

शिडाचं_जहाज (शुक्रवार, दुपारी २:१५)
अवांतर होतंय, पण अरबीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. एनडीएत कॅडेटना अरबी, चिनी, फ्रेंच किंवा रशियन शिकवतात. आणि तिथली मुख्य इमारत, सुदान ब्लॉक, तिचं नाव माहीत असतं सगळ्यांना, कारण माहीत नसतं. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या आघाडीवर भारतीय जवानांनी जे बलिदान दिलं त्याच्या स्मरणार्थ सुदानने १ लाख पौंड दिले, त्यातून ती उभी राहिली. १९५९ साली उद्घाटन. दुसऱ्या देशाच्या सैन्याशी नातं कसं जुळतं याचा मला हा सर्वांत मोठा दाखला वाटतो. तुमच्या मुलाला अरबीच शिकायची ओढ असेल तर शिकू द्या. मी माझं रशियनचं मत मागे घेतो.

टेकडीवरचा (शुक्रवार, दुपारी ३:३०)
वेस्ट पॉइंट १८०२ साली सुरू झालं आणि लगेच पुढच्या वर्षी तिथे फ्रेंचचा शिक्षक नेमला, कारण तोफखाना आणि तटबंदीवरची चांगली पुस्तकं फ्रेंचमध्ये होती. तेव्हा भाषा शिकायची ती पुस्तक वाचायला. माणसाशी बोलायला शिकणं हे पुष्कळ नंतरचं. मला तर कॅडेटांना परदेशात पाठवण्यामागे हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. समोरच्याच्या घरात चहा प्यायलेला अधिकारी पुढे नकाशावर त्या गावाकडे वेगळ्या नजरेने बघेल.

खारवडी (शुक्रवार, संध्याकाळी ५:१२)
कोणीच कसं म्हटलं नाही? मुलाला हिंदी समजतं, मराठी बोलतो! अमेरिकन सैन्याची हिंदीची डीएलपीटी परीक्षा आहे. वर्षभर देवनागरी पक्की करा, वाचन-श्रवणाची तयारी करा, बोलण्याची ओपीआय द्या. शून्यापासून अरबी करून आयएलआरच्या (भाषा किती येते हे मोजायची अमेरिकन सरकारी पट्टी) १+ पातळीला पोहोचायला जेवढी धडपड, तेवढ्यात हिंदीत तो २ च्या पुढे जाईल. एअर फोर्सचा लीप नावाचा कार्यक्रम आहे, ज्यांना आधीपासून भाषा येते त्यांच्यासाठीच. घरातली भाषा टाकून लोक बाहेर का धावतात कळत नाही.

रमतगमत (शुक्रवार, संध्याकाळी ५:४४)
@खारवडी, मुद्दा चांगला आहे. पण घरात समजणं आणि परीक्षेत वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचणं यात फार मोठं अंतर आहे. माझ्याकडे घरी अरबी बोलणारी मुलं येतात, आणि वाचनात तीच मागे पडतात. हिंदीला तुम्ही समजता त्यापेक्षा जास्त मेहनत लागेल.

खारवडी (शुक्रवार, संध्याकाळी ५:५०)
लागू दे की. अरबीला लागणार नाही का?

गोदाकाठ (शुक्रवार, संध्याकाळी ६:२०)
दोन्ही करू शकतो. हिंदी घरी, अरबी वर्गात.
वैशाखीताई, एक कामाची गोष्ट. कुठेही गेला तरी यजमान आणि तिथल्या जवळच्या ओळखींची नावं, तारखा त्याने लिहून ठेवायला हव्यात. सिक्युरिटी क्लिअरन्सच्या एसएफ-८६ फॉर्ममध्ये परदेशप्रवास आणि परदेशी नागरिकांशी असलेले जवळचे संबंध विचारतात. भारतातल्या नातेवाइकांशी घट्ट संबंध असतील तर तेही. यात लपवायचं काहीच नसतं, पण अर्धवट माहिती दिली तर खुलासे करत बसावं लागतं.
आणि तो अमेरिकन नागरिक आहे ना? हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं.

वैशाखी (शुक्रवार, रात्री ९:१५)
हो, इथेच जन्मलाय. नागरिक आहे.

नभांगण (शुक्रवार, रात्री ९:२२)
रशियनबद्दल राहिलं. २०२२ पासून अमेरिकन विद्यापीठं मुलांना रशियात पाठवत नाहीत. म्हणून अल्माटी, बिश्केक अशी ठिकाणं. तिथे रशियन सर्रास चालते आणि रशियन शिकलेले लोक एअर फोर्सला हवेच आहेत. भाषा म्हणून दोन्ही चांगल्या. पण ज्याला अरबीची ओढ आहे त्याला रशियनला बसवलं तर तो पहिल्या वर्षानंतर सोडेल. आठ आठवड्यांनंतरही जो ती भाषा धरून ठेवतो त्यालाच त्यातून काही मिळतं.

वैशाखी (रविवार, सकाळी ११:०५)
आज त्याने कॅडरमधल्या कॅप्टनशी झालेलं बोलणं सांगितलं. @नभांगण, तुमचं तंतोतंत खरं निघालं. फील्ड ट्रेनिंगचं पत्र येईपर्यंत परदेशी कार्यक्रमाला होकार देऊ नकोस, असं तिने स्पष्ट सांगितलं. आता तो इथल्याच एका विद्यापीठाच्या उन्हाळी अरबी वर्गाला अर्ज करतोय. त्याच्या तारखा फील्ड ट्रेनिंगशी आदळल्या तर काय करायचं तेही तिने समजावलं. परदेशाचा अर्ज पुढच्या वर्षी, दोन सेमिस्टर झाल्यावर. शिफारसपत्र त्याच्या इतिहासाच्या बाई देणार आहेत.
नवऱ्याचा जॉर्डनला विरोध कायम आहे. गोदाकाठ, तुमचा प्रतिसाद मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, राहायचं घर कोण निवडतं, विद्यापीठ की तिथली संस्था?

गोदाकाठ (रविवार, दुपारी १२:३०)
आमच्या वेळी तिथल्या भाषासंस्थेने निवडलं होतं आणि विद्यापीठाच्या प्राध्यापिका आधी भेटून आल्या होत्या. हवं असेल तर मुलीला तुमच्या मुलाशी बोलायला सांगते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खारवडी (रविवार, दुपारी १:१०)
हिंदीचं विसरू नका.

वैशाखी (रविवार, दुपारी १:१८)
नाही विसरणार. आजीने फोनवरून देवनागरी वाचून घ्यायचं कबूल केलंय. सगळ्यांचे आभार. व्यनि केलाय.

तळ्यात_मळ्यात (रविवार, संध्याकाळी ६:५५)
इथेच विचारते. माझी मुलगी आरओटीसीत आहे, तिला कोरियन शिकायला सोलला जायचंय. मुदत बुधवारी संपते. करावा का अर्ज?

नभांगण (रविवार, संध्याकाळी ७:०१)
ताई, कोणतं दल, कितवं वर्ष, कोरियनची किती सेमिस्टर झाली? नवीन धागा काढा आणि हे तिन्ही वरच लिहा.